जिन्नाक्काचं बोचकं

जिन्नाक्का वर्षातून तीन वेळा निघायची तयारी करायच्या आणि कुठंच जायच्या नाहीत.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले ती सत्तर सालाच्या जरा अलीकडची गोष्ट. आमची गल्ली नदीकडं उतरत जाणारी. वरच्या तोंडाला पिठाची गिरणी होती आणि खालच्या तोंडाला पंचगंगेचा वारा. सकाळी नदीवरचं धुकं गल्ली चढून वर यायचं आणि दुपारी गिरणीतलं पीठ उडत खाली उतरायचं. त्यामुळं ती गल्ली आठवते तेव्हा मला नेहमी पांढुरकी आठवते. माणसंसुद्धा त्या पांढऱ्यातून हळूहळू उमटल्यासारखी पुढं येतात. सगळ्यात आधी येतात त्या जिन्नाक्का.

आमच्या दोन खोल्यांना लागूनच त्यांची एक खोली आणि पुढं कट्टा. मी येऊन आठच दिवस झाले होते. फाल्गुन होता. दुपारी दार उघडून पाहते तर शेजारच्या कट्ट्यावर अख्खा संसार उन्हात मांडलेला. मेणकापडाची घडी, दोन वाकळा, पितळेचा तांब्या, सुताची दोरी, सुंठ-ओव्याच्या पुरचुंड्या, काडेपेटी ठेवलेला पत्र्याचा डबा, आणि मधोमध एक ठेंगणी, गोरी बाई नऊवारीचा काष्टा आवळून बसलेली. कपाळाला ठसठशीत कुंकू. समोर हळदीच्या रंगाची मोठी चादर पसरलेली. एकेक वस्तू हातात घ्यायची, तिच्याकडं जरा वेळ बघायचं आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं ठेवायचं, असं चाललं होतं.

ओळख काढावी म्हणून मी विचारलं, "गावाला निघालात का?"

"न्हाय की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हिवाळा निघालाय. मी कुटं जातो?"

बायकांनी 'मी जातो, मी येतो' म्हणायची तिकडची रीत मला तेव्हा नवीन होती. मी हसले. त्यांनी मान वर केली आणि मला बसायला वाकळ सरकवली.

त्यांचं माहेर जयसिंगपूरच्या पलीकडं, कृष्णाकाठचं. बोलण्यात कानडीचा हेल. जैनाघरच्या असल्यामुळं त्यांचं खाणंपिणं काटेकोर होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, उकळायचं, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. पण बोचक्यामागचं शास्त्र त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं ते पिठापासून.

"आमच्यात पिठाला मर्यादा आसती बग. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्याम्होरं त्यात जीव पडतोय. कार्तिक, फाल्गुन आनि आषाढ, ह्या तीन म्हैन्यात ही मर्यादा बदलती. पिठाला कळतंय ऋतू बदलला म्हनून. मग मानसाला नको कळाय?"

म्हणून वर्षातून तीनदा बोचकं सुटायचं आणि नव्यानं बांधलं जायचं. कधी पाणी येईल, कधी आग लागेल, कधी उठून पळावं लागेल याचा नेम नाही. पण पळताना कोणता ऋतू असेल एवढं तर आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. दाराच्या आत, उजव्या हाताला खुंटी होती. बोचकं तिथं लटकलेलं असायचं. त्यातलं पीठ मर्यादा संपायच्या आदल्या दिवशी काढून त्या स्वतः भाकरी करून खायच्या आणि ताजं दळून भरायच्या. पावसाळ्यात तर दर दोन दिवसांनी गिरणीची वारी.

गल्ली त्यांची चेष्टा करायची. समोर बाबूभाई राहायचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उंच, वाकलेले, धोतर नेसणारे म्हातारे गृहस्थ. सकाळी दात घासता घासता ते ओरडायचे, "काय अक्का, कवा निघनार गाडी?"

"तुमी पिपाणी वाजीवली की निगती!" अक्का आतून उत्तर द्यायच्या.

वाकळा शिवणं हा त्यांचा धंदा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेनं धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. मी शाळेत शिकवायची. तिथून येऊन पुष्कळदा त्यांच्या कट्ट्यावर वह्या तपासत बसायची. त्या वाकळेच्या एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. संध्याकाळपर्यंत त्या टाके घालत घालत माझ्या मांडीशी येऊन पोचायच्या. त्यांचे यजमान कुठं असतात हे मी कधी विचारलं नाही. कुंकू होतं, काळी पोत होती, म्हणजे माणूस होता. मुंबईला गिरणीत असतील नाहीतर पलटणीत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या उन्हाळी बोचक्याची एक गंमत सांगायला हवी. कांदा त्यांच्या घरात शिवत नसे. पण चैत्र लागला की बोचक्याच्या गाठीला, बाहेरून, तीन-तीन कागदांत गुंडाळलेलं काहीतरी लोंबायला लागायचं. एकदा भर दुपारी एक मडकी विकणारा गल्लीतच घेरी येऊन पडला. अक्का बोचकं घेऊन धावल्या. त्याच्या तोंडात आमसुलाचं पाणी घातलं, डोक्याला ओलं फडकं बांधलं आणि मला म्हणाल्या, "ती भायेरची पुडी सोड. तू सोड, मी शिवत न्हाय. फोड आनि त्येच्या नाकाला लाव."

पुडीत कांदा निघाला. तो बांधायचं कामही दरवर्षी बाबूभाईंच्या बायकोकडं असायचं, हे नंतर कळलं.

"अक्का, तुमच्या बोचक्यात कांदा?"

"बोचक्यात न्हाय, बोचक्याला," त्यांनी मला दुरुस्त केलं. "आनि ऊन काय जात बघून लागतंय व्हय?"

मडकीवाला उठून बसला. जाताना त्यानं एक तवली कट्ट्यावर ठेवली. तिच्यात अक्का पुढं कितीतरी वर्षं सुया ठेवायच्या.

मग एका श्रावणात पाणी आलं.

दोन दिवस धार लागली होती. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या खालच्या तोंडाशी गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं, अगदी आवाज न करता. पाहता पाहता खालची दोन घरं पायऱ्यांपर्यंत बुडाली. वरून कुणीतरी ओरडलं, "शाळंत चला, शाळंत!" आणि गल्लीभर धावपळ झाली. मी काय उचललं? लोणच्याची बरणी आणि ह्यांचा लग्नातला कोट. कोरडं एक लुगडं घ्यावं, एवढं सुचलं नाही. पलीकडच्या घरातल्या माणसानं भिंतीवरचं घड्याळ काढून छातीशी धरलं होतं. बाबूभाईंनी क्लॅरिनेटची पेटी डोक्यावर घेतली आणि मागून त्यांची सून हसीना, पदराखाली बारा दिवसांचं बाळ. अक्कांनी खुंटीवरचं बोचकं काखेत मारलं, दाराला कडी घातली आणि देवळाला निघाल्यासारख्या चालायला लागल्या.

उंचावरच्या शाळेत एका वर्गात आमची गल्ली जमली. सगळे निथळत होते. अक्कांनी बाक सरकवून जागा केली आणि बोचक्याची गाठ सोडली. ते दृश्य मला अजून स्वप्नासारखं दिसतं. बाहेर सगळं जगच पाण्याचं झालेलं, आणि आत त्या पिवळ्या चादरीतून एकेक कोरडी वस्तू वर येते आहे. पहिल्यांदा मऊ धुवट फडकी. ती हसीनाच्या बाळाला. मग मेणबत्ती आणि मेणानं तोंड बंद केलेला काडेपेटीचा डबा, मग सुंठ आणि गूळ, मग फुटाणे. गाळणं काढून त्यांनी मला हौदाकडं पिटाळलं. तासाभरात वर्गाच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल पेटली, पाणी उकळलं, आणि चाळीस माणसांना सुंठेचा काढा मिळाला. लागेल ते अगदी त्या क्रमानं हाती येत होतं.

"हे असं कसं लावता हो?" मी विचारलं.

"वर ते, जे आधी लागतंय," अक्का म्हणाल्या. "तळाला ते, जे लागू नये."

बाबूभाई कोपऱ्यात कुडकुडत उभे होते. धोतराची पिळून दोरी झाली होती. ओठ निळे. मी बोचक्यात हात घातला तर तळाला कोरं धोतर आणि पांढरी कोपरी, घडी घातलेली. मी ती उचलली.

"ते ऱ्हाऊ दे."

अक्कांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी घडी परत ठेवली. अक्का उठल्या, स्वतःच्या अंगावरची वाकळ काढली आणि बाबूभाईंच्या खांद्यावर टाकली. उरलेला दिवस त्या ओल्या लुगड्यात बसून होत्या. म्हातारा माणूस गारठतोय आणि हिला एका धोतराचा एवढा लोभ, हे मला खूप लागलं. त्यांनी केलेलं बाकी सगळं मी त्या एका क्षणात विसरले. पाणी उतरल्यावर आम्ही गल्लीत परत आलो, भिंतींवरची चिखलाची रेघ धुतली, पण मी पुढं दोन महिने त्यांच्या कट्ट्यावर वह्या घेऊन गेले नाही.

कार्तिकात त्यांनी बोचकं सोडलं तेव्हा स्वतःच हाक मारली. मी गेले. ऊन कोवळं होतं. धोतर-कोपरी त्यांनी मांडीवर घेतली होती.

"रागावलीस."

मी त्यांच्या मांडीवरच्या घडीकडं बघितलं.

"आमच्या मालकांचं हाय हे," त्या म्हणाल्या. आणि मग टाके घालावेत तसं, एकेक, न थांबता सांगितलं.

जयसिंगपुरात त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. माणूस शांत, कमी बोलणारा. मूलबाळ नव्हतं. मुनिमहाराजांच्या प्रवचनाला जायला लागले ते हळूहळू तिकडचेच झाले. आधी एक वेळचं जेवण सोडलं, मग चप्पल, मग दुकान. एक दिवस म्हणाले, मला दीक्षा घ्यायची आहे. अशा वेळी घरच्यांचा होकार लागतो. भाऊ रडले, बहीण पायाशी आडवी पडली. शेवटी सगळे अक्कांकडं बघायला लागले.

"मग?"

"मग काय? मी व्हय म्हनलं." त्यांनी धोतराची घडी सारखी केली. "जो मनानं गेलाय त्येला धरून काय करायचं, पोरी? पन पौष चालू हुता. थंडी मरनाची. जायच्या दिवशी मी त्यांचं बोचकं बांधलं. वाकळ, तेल, सुंठ, कोरं धोतर. दिगंबर मुनी व्हायला निघालेल्या मानसाचं बोचकं! सगळी हसली. मालक न्हाय हसलं. बोचक्यावर हात ठेवला जरा, आनि गेलं."

मुनींजवळ मोरपिसांची पिंछी आणि पाण्याचा कमंडलू याखेरीज काही नसतं. अंगावर सूतसुद्धा नाही. थंडीत नाही, पावसात नाही.

"फाल्गुन आला. मी बोचकं सोडलं आनि उन्हाळ्याचं बांधलं. मग पावसाळ्याचं. आलं असतं तर त्यांचं व्रत मोडलं असतं. येऊ नयेत असं रोज म्हनत हुतो. आनि आलंच तर उघडं नकोत म्हनून बांधत हुतो." त्यांनी घडी बोचक्याच्या तळाला ठेवली. "बाकीचं सगळं मागनं त्यात आलं. तुमचं सगळ्यांचं."

मी त्यांच्या हातातली चादरीची टोकं धरली आणि आम्ही दोघींनी गाठ मारली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, एका फाल्गुनात, मुनींचा संघ विहार करत कोल्हापूरला आला. गल्लीत जैनांची तीनच घरं. अक्कांनी संघात कोण कोण आहेत ते आधीच विचारून घेतलं होतं. मला काहीच सांगितलं नाही, पण त्या रात्रभर जाग्या असाव्यात, कारण पहाटे जात्याचा आवाज येत होता. सकाळी कट्ट्यापुढं सारवलेलं, रांगोळीचा चौक काढलेला, आणि दारात पांढऱ्या लुगड्यात अक्का, हातात कलश आणि त्यावर नारळ.

मुनी आहाराला निघतात ते मनाशी एखादा नियम, त्यांच्या भाषेत विधी, धरून. अमुक दिसलं तरच थांबायचं. तो नियम कुणाला सांगत नाहीत. जुळला तर त्या दारी, नाही तर उपाशी परत. अन्न दिवसातून एकदाच, तेही उभ्यानं, ओंजळीत. त्यात एखादा केस सापडला, मुंगी दिसली, की ओंजळ सोडायची आणि थेट दुसऱ्या दिवशी.

मी समोरच्या पायरीवर, बाबूभाईंच्या घरच्या बायकांबरोबर उभी होते. धुक्यातून संघातले चौघे मुनी वर चढून आले. त्यातला तिसरा कोण ते मला अक्कांच्या चेहऱ्यावरून कळलं. वाळलेलं, उंच शरीर, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजवा हात खांद्याला लावलेला, नजर पुढच्या चार हात जमिनीवर.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," अक्का म्हणाल्या. "अत्र तिष्ठ, तिष्ठ."

ते पुढं गेले.

दुसऱ्या दिवशीही पुढं गेले. त्या दिवशी कुठल्याच दारी थांबले नाहीत, उपाशी परतले. अक्कांनीही अन्न घेतलं नाही. मी दुपारी डोकावले तर त्या गार चुलीसमोर बसल्या होत्या.

"उद्या दुसऱ्या गल्लीत जातील," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"जाऊ देत की. मी दारात उभा ऱ्हातो. तेवढंच माझं काम."

तिसऱ्या दिवशी ते आले आणि थांबले.

गल्लीत चिमणीचासुद्धा आवाज नव्हता. अक्कांनी त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या आणि आत नेलं. दार उघडंच होतं. मला फक्त त्यांची ओंजळ दिसत होती आणि तिच्यात घास ठेवणारा अक्कांचा हात. भात. मुगाचं वरण. कोमट पाणी. पुन्हा भात. प्रत्येक घासाआधी अक्का तो बोटानं चाचपून बघायच्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी ओंजळ सोडली, कमंडलूत पाणी घेतलं आणि जसे आले तसे जमीन बघत निघून गेले. उतारावरच्या धुक्यात ते मिसळले तेव्हा हसीना माझ्या शेजारी तोंडावर ओढणी धरून रडत होती.

मी आत गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ओळखलं का त्यांनी?"

"ओळखू नये त्यांनी. विधी जुळला म्हनून थांबलं, माझ्यासाठी न्हाय." मग म्हणाल्या, "मी पन तोंडाकडं बघितलं न्हाय. हातच बघितलं. हात लई वाळल्यात, पोरी."

आणि मग पहिल्यांदा रडल्या. खूप वेळ, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या.

आषाढात बोचकं सुटलं तेव्हा मी टोकं धरायला गेले होते. तळाला काही नव्हतं. पुढच्या लग्नसराईत बाबूभाई कोऱ्या धोतरात क्लॅरिनेट वाजवताना दिसले.

"आता ते धोतर नको?" त्या आषाढात टोकं धरता धरताच मी विचारलं होतं.

"न्हाय. आता पक्कं झाल्यात ते," अक्का म्हणाल्या, आणि तळाला हसीनाच्या पोराचा स्वेटर ठेवला.

ह्यांची बदली झाली त्या वर्षीची थंडी कडक होती. पौषात एका सकाळी अक्का दारात आल्या. शिरोळकडच्या एका खेड्यात महाराजांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, सल्लेखना घेतली होती. देह ठेवायचा म्हणून आधी अन्न सोडलं, मग पाणी. किती दिवस जातील सांगता येत नव्हतं. मी त्याच दिवशी मिरजेवरून गाडी बदलून माहेरी निघाले होते. आम्ही एकाच एसटीत बसलो. बोचकं त्यांच्या मांडीवर होतं आणि वाटभर त्या त्याच्यावर हात ठेवून खिडकीतून बघत होत्या. बाहेर ऊस, धुकं, आणि पुन्हा ऊस. त्यांनी एकदाच विचारलं, "तिथं बायका लांबनं आलेल्या आसतील, न्हाय? थंडीचं काय आनलं असंल का त्यांनी?"

पुढं त्यांच्या भाचीचं पत्र आलं. अक्का पोचल्या तेव्हा महाराज शुद्धीत होते. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. अक्का बायकांच्या रांगेत बसून होत्या, कुणाला नातं सांगितलं नाही. बोचकं पहिल्याच दिवशी रिकामं झालं. त्यानंतर त्या भाचीकडं जयसिंगपूरला राहिल्या आणि आणखी आठ वर्षं वाकळा शिवत होत्या. मी आज जाईन, उद्या जाईन म्हणत राहिले आणि माझं जाणं झालं नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या फाट्यावर उतरताना. कंडक्टरनं घंटी मारली, अक्का उतरल्या, मागं न बघता दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. चारी बाजूंना नुसतं धुकं, रस्ता कुठला कळेना. एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन येत होता.

"ओ पावणं," अक्कांनी हाक मारली, "महाराज कुटल्या मळ्यात हायती?"

तो उतरला. हात करून काहीतरी सांगितलं. अक्का मान हलवून भराभर चालायला लागल्या. त्यांना मी इतकं भराभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. गाडी सुटली. मी काचेवरचं दव हातानं पुसलं. तो माणूस क्षणभर तसाच उभा होता. मग त्यानं सायकल फिरवली, गवताचा भारा सांभाळत झपाझप अक्कांना गाठलं, आणि सायकल हातात धरून त्यांच्या बरोबरीनं चालायला लागला.